इंजिन बसवण्याची शास्त्रशुद्ध रीत
शिरपूर तालुका व परिसरातील चारचाकी मालकांसाठी

गाडी घ्यावी कशी, हे सांगणारे गावात पायलीला पन्नास आहेत. कर्ज कोणत्या बँकेचं, रंग कोणता, पूजा कोणत्या देवळात, पेढे कुणाकडचे, सगळ्याला सल्लागार मिळतो. घेतलेली गाडी लवकरात लवकर निकामी कशी करावी, यावर मात्र मराठीत शिस्तशीर लेखन नाही. लोक आपापल्या परीनं ते काम करतात आणि यशही मिळवतात, पण पद्धत नसल्यामुळे एखाद्याची गाडी विनाकारण दोन लाख किलोमीटर चालून जाते. ही उणीव दूर करण्यासाठी पुढील मार्गदर्शन.

निसर्गाची अनुकूलता

या कामी शिरपूरकर भाग्यवान आहेत. उन्हाळ्यात पारा 44 च्या आसपास. शेतात जायचं तर चाकाखाली काळी माती आणि काचेवर धूळ. दाराशी आग्रा रोड, आणि पळासनेर ओलांडून मध्य प्रदेशात शिरलं की सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट. उष्णता, धूळ, चढ आणि उतार हे इंजिनाचे चारही वैरी एका तालुक्याच्या टप्प्यात. एवढी सोय पुण्या-मुंबईच्या माणसाला पैसे देऊनही मिळत नाही.

साहित्य

गाडी एक (हप्ते चालू असल्यास उत्तम). खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बोअरच्या पाण्यानं भरलेला. नायलॉनचा दोर. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर. गाड्यांतलं सगळं कळणारा मेहुणा एक. गाडीबरोबर आलेली मालकपुस्तिका प्लास्टिकचं वेष्टण न फोडता पुढच्या कप्प्यात ठेवावी. गाडी विकताना ‘पुस्तकसुद्धा कोरं आहे’ असं सांगता येतं.

पहिली पायरी: तेल

इंजिन ऑईल म्हणजे फिरणाऱ्या धातूंमधला पातळ पडदा. तो शाबूत असेतो क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना भिडत नाहीत. तो गेला की भिडतात, आणि काही मिनिटांत एकमेकांना कायमचे धरून बसतात. त्यामुळे सगळी मेहनत इथूनच सुरू करावी. बहुतेक नव्या गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला, असं कंपनी सांगते. धुळीत, उन्हात चालणाऱ्या गाडीला त्याहीआधी. आपण जे नंतर येईल ते धरावं आणि तेही विसरावं.

बॉनेटखाली कडी असलेली एक पट्टी असते. ती ओढून पुसली, परत घालून काढली, की तेल दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही ते दिसतं. याला अर्धं मिनिट लागतं आणि पैसे पडत नाहीत. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, हे लक्षात ठेवून तिकडे दुर्लक्ष करावं. काच मात्र रोज पुसावी, कारण ती लोकांना दिसते.

दुसरी पायरी: पाणी

कूलंट पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि इंजिनाच्या आत गंज धरू देत नाही. म्हणजे ते आपल्या कार्यात दुहेरी अडथळा आणतं. पातळी कमी झाली की कॅनमधलं बोअरचं पाणी ओतावं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि हळूहळू वाट बंद करतात. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून, बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं, त्या कामाला महाराष्ट्र ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ओळखतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये मुरवण्याचा पॅटर्न मात्र आपला स्वतःचा.

पुढे एखाद्या दुपारी तापमानाचा काटा वर सरकू लागेल. या क्षणी कच्चे लोक एसी बंद करतात, गाडी बाजूला घेतात, इंजिन थंड होऊ देतात. आपण म्हणावं, ‘शिरपूर फाटा आलाच आता.’ तापलेल्या इंजिनाचा अॅल्युमिनियमचा हेड वाकण्यासाठी आणि गॅसकेट फुटण्यासाठी फाट्यापर्यंतचं अंतर पुरतं. मग उकळत्या इंजिनावर गार पाणी ओतलं की तडा जाण्याचीही शक्यता तयार होते.

गरम रेडिएटरचं झाकण उघडणं मात्र या मार्गदर्शनात बसत नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते थेट तोंडावर येतं. आपल्याला इंजिन घालवायचं आहे, डोळे नव्हेत.

तिसरी पायरी: क्लच, घाट आणि एक अपवाद

गिअर बदलून झाला तरी डावा पाय क्लचवरून हलवू नये. पाय नुसता टेकला तरी प्लेट थोडी घसरते आणि झिजते. बाजारात गर्दीच्या दिवशी एक गाडी जाईल एवढ्या जागेतून दोन गाड्या काढताना हाफ क्लचवर तासभर साधना करावी. बिजासनच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलात, तर हँडब्रेक ओढू नये. क्लच आणि अॅक्सिलरेटर यांच्या जोरावर गाडी जागच्या जागी धरून ठेवावी. थोड्या वेळात जळका वास येईल. मागच्या सीटवरून विचारणा झाली तर पुढच्या ट्रककडे बोट दाखवावं.

आता अपवाद. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना हे मार्गदर्शन लागू नाही, आणि इथं थट्टाही नाही. 4 जुलै 2023 रोजी पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर पुढच्या वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान 10 माणसं गेली. त्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर इंजिनच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापले की पकड सोडतात. शिवाय आजच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. इंजिन घालवायच्या नऊ वाटा आहेत, ही दहावी नको.

चौथी पायरी: ऑटोमॅटिक

2014 मध्ये सेलेरिओ आली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पेडल गेलं म्हणून क्लच गेला, असं पुष्कळांना वाटतं. एएमटी म्हणतात त्या या गाड्यांत क्लच असतोच, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबतं. त्यामुळे चढावर ब्रेक न लावता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर तिसऱ्या पायरीचं सगळं पुण्य इथंही पदरी पडतं.

कुठलीही ऑटोमॅटिक गाडी बंद पडली की विम्याबरोबर टोइंगची सोय आहे का, हे पाहण्यात वेळ घालवू नये. दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढत न्यावी. पुष्कळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे गिअर कोरडे फिरतात. पुढची चाकं उचलून न्यावी, असं मालकपुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण तिचं वेष्टण आपण फोडलेलं नाही. दहा हजारांच्या बिघाडाचं लाखाच्या बिघाडात रूपांतर करण्याचा यापेक्षा जवळचा रस्ता नाही.

पाचवी पायरी: दिवा

1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर चांगल्या वेगात पंधरा-वीस मिनिटं पळवावी लागते. आपण गाडी घरापासून करवंद नाक्यापर्यंत आणि नाक्यापासून घरापर्यंतच चालवावी. जाळी तुंबेल, डॅशबोर्डावर दिवा लागेल. बॅटरीची तार काढून परत लावल्यास काही काळ दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो. तरीही दिवा हटला नाही, तर त्यावर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ असं स्टिकर लावावं.

सहावी पायरी: पाणी, पुन्हा एकदा

पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जात असताना काठावर चार गाड्या थांबलेल्या दिसतात. तिथं आपण मागे हटलो तर तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही, म्हणून गाडी घालावी. मध्यावर ती बंद पडेल. आता खरी कसोटी. हवेच्या वाटेनं पाणी सिलेंडरमध्ये गेलेलं असू शकतं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला तर पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्टर मारावा. एकदा नाही लागली तर पुन्हा मारावा. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं असावं लागतं. ते थोड्या पैशांसाठी आपण नाकारलेलं असतं, हे ओघानं आलंच.

सातवी पायरी: निदान

एवढ्यावर गाडी बोलू लागते. तिच्या बोलण्याचा अर्थ लावणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभं राहावं. ‘काय व्हयनं जिभाऊ?’ म्हणत पहिला माणूस येतो, आणि त्याच्यामागे निदानं. एकाच्या मते पंप, दुसऱ्याच्या मते नोझल, तिसऱ्याच्या मते ती कंपनीच तशी. मेहुण्याला फोन लावावा. तो गाडी न बघता ‘इंजिन खोलावं लागेल’ असं सांगतो, आणि बऱ्याचदा सगळ्यांत महाग निदान त्याचंच असतं.

धुराचं वाचन असं करावं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. आपण म्हणावं, ‘थंडीचे दिवस आहेत.’ पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय. आपण म्हणावं, ‘सकाळची वाफ आहे.’ काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. आपण म्हणावं, ‘डिझेल गाडी आहे, पिकअप बघा की.’

अखेर उस्तादाकडे जावं लागतंच. जुना उस्ताद आधी विचारतो: आवाज गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीवर, क्लच दाबल्यावर थांबतो की वाढतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर निम्मं उत्तर त्यातच असतं. म्हणून त्याला काय होतंय ते सांगू नये, काय करायचं ते सांगावं. ‘क्लच प्लेट बदलून टाका’ म्हणावं. तो बदलून देतो. आवाज तसाच राहिला की उस्तादाला नावं ठेवायला मोकळे. स्पेअर पार्ट घेताना डब्यावर नाव मोठ्या अक्षरात आहे एवढंच बघावं.

आठवी पायरी: दोष दुसऱ्याचा

पूर्वी सगळा दोष पेट्रोलमधल्या रॉकेलवर ढकलता येत असे. आता 20 टक्के इथेनॉल आलं आणि मोठी सोय झाली. जुन्या बनावटीच्या चारचाकीचं अॅव्हरेज त्यामुळे 6 ते 7 टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं होतं. त्यामुळे तक्रारीत तथ्य आहे. पण तीन वर्षं न बदललेलं तेल, चोंदलेला एअर फिल्टर आणि हवा कमी असलेली चार चाकं यांचाही हिशेब त्याच खात्यावर टाकावा. इथेनॉल उसाबरोबर मक्यापासूनही होतं. आपणच मका विकावा आणि तो आपल्याच टाकीत परत आला म्हणून पारावर बसून रडावं.

कधी दोष खरोखरच कंपनीचा असतो. 2013 मध्ये फोक्सवॅगनला डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून चीनमध्ये 3,84,181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडेही 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. ग्राहक म्हणून धुळ्याला जिल्हा आयोगात जाता येतं. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथंच चालते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हे सगळं आपल्या मार्गदर्शनाला मारक आहे. म्हणून जॉबकार्ड न वाचता सही करावी, बिल ‘राहू द्या’ म्हणावं, तक्रार फक्त तोंडी करावी आणि ती चहाच्या टपरीवर करावी. कागद नसला की कायदा कितीही चांगला असो, तो गाडीपर्यंत पोहोचत नाही.

नववी पायरी: विक्री

आता गाडी पुढच्या माणसाच्या गळ्यात घालावी. तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा दात बघतो, पाय उचलून बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो आणि पळवल्याशिवाय बोलीला बसत नाही. गाडी घेणारा सीट कव्हर बघतो. याचा फायदा घ्यावा. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास इंजिन चालू ठेवावं, म्हणजे थंड इंजिनाचा खडखडाट त्याला ऐकू येत नाही. दाट तेल भरावं, आवाज काही दिवस दबतो. ‘डॉक्टरची गाडी, एकाच हातची’ एवढं वाक्य पुरतं. गिऱ्हाईकानं सकाळी लवकर, न सांगता, आपला उस्ताद घेऊन यायचं ठरवलं, तर त्या दिवशी गावाला जावं.

कुणापासून सावध राहावं

या सर्व साधनेत एका माणसाची संगत टाळावी. बोराडीच्या बाजूला जुनी काळीपिवळी जीप चालवणारा. त्याची गाडी लग्नकार्यातल्या फोटोसाठी नाही, तिच्यावर त्याची चूल पेटते. गाडी थांबली की संध्याकाळची भाकरी थांबते. तो रोज सकाळी पहिली सवारी बसायच्या आधी पट्टी ओढून तेल बघतो, पाणी बघतो, बेल्टवर बोट दाबतो, खालची जमीन ओली आहे का ते वाकून पाहतो. गाडी वेगळी वाजली तर त्याच दिवशी उस्तादाकडे नेतो आणि काय वाजतंय तेवढंच सांगतो. त्याच्या जीपवर चारदा रंग चढला, पण इंजिन अजून खोललेलं नाही. वर तो अॅव्हरेजही खरं सांगतो. असल्या माणसाच्या नादी लागलात, तर गाडी पंधरा वर्षं चालेल आणि पारावर बोलायला तुमच्याकडे काही उरणार नाही.