कचेरीतला कर्ण

दर मराठी कचेरीत एक कर्ण असतो. अर्जुन व्हायला कोणी तयार नसतं, कारण अर्जुनाला नेम लागावा लागतो. कर्णाचा चुकला तरी चालतो. कारण आधीच तयार असतं.

हा कर्ण ओळखायला सोपा. वय पन्नाशीचं, कपाळाला आठी, खणात शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’, पुठ्ठा निसटलेलं. ही कादंबरी १९६७ची. ती याने कॉलेजात वाचली आणि तेव्हापासून आपल्या चरित्राची जबाबदारी व्यासांवर टाकली.

खात्याच्या परीक्षेत गचकला. “सगळं येत होतं हो, ऐन वेळी विद्या विसरलो.” हा परशुरामाचा शाप, अभ्यासाचा विषय निघत नाही. बढती पलीकडच्या टेबलावरच्या पोराला मिळाली, म्हणजे साहेब द्रोणाचार्य. आई अमेरिकेतल्या धाकट्याकडे सहा महिने राहून आली, म्हणजे कुंती. स्कूटर पंक्चर झाली की तो चाकाकडे असा बघतो, की येणाऱ्या-जाणाऱ्याने शल्याचा निषेध करावा. दोस्ताच्या कर्जाला जामीन राहून हप्तेही हाच भरतोय. दुर्योधनाला सोडायचं कसं? दानशूरपणा तेवढा त्याने ऑप्शनला टाकलाय. चहाचे पैसे नेहमी दुसरा देतो.

एरिक बर्न नावाचे एक अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ होते. लहानपणी आवडलेल्या गोष्टीत माणसाच्या आयुष्याची संहिता सापडते, असं ते म्हणत. हे ऐकून आमचा कर्ण खूश झाला. “बघा, शास्त्रही तेच सांगतं!” पण बर्न यांचं म्हणणं पुढेही आहे: ही संहिता माणूस स्वतःच ठरवतो, नकळत तिच्याबरहुकूम वागत राहतो, आणि मनात आणलं तर ती बदलूही शकतो. एवढं ऐकायच्या आत याला साहेबांनी बोलावलेलं असतं.

त्याच्यासमोर मूळ महाभारत काढू नये. घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण पळाला होता. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला त्यानेच सांगितलं. आणि ‘सूताला वरणार नाही’ हे स्वयंवरातलं द्रौपदीचं वाक्य, ज्यापायी याने निम्मं आयुष्य उसासे टाकले, ते पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मुख्य पाठात नाहीच. हे सांगितलं तर तो खिन्न हसून म्हणाला, “तिथेही अर्जुनाचीच माणसं!” त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. त्यात महाभारतातल्या माणसांकडे भाबडेपणा सोडून पाहिलेलं आहे. ते वाचायला याला अजून सवड झालेली नाही.

थट्टा पुरे. डावललं गेल्याचं त्याचं दुःख खरं आहे. ‘मला बढती मिळाली नाही’ हे वाक्य नुसतं गिळायला कठीण. सूर्यपुत्र होऊन म्हटलं की त्याला जरा तेज येतं. पुराणकथा जन्मभर पुरतात त्या यासाठीच. मात्र माणूस ओळखायचा तर त्याची आवडती गोष्ट विचारून थांबू नये, तिच्यातली कोणती पानं त्याने गाळली तेही विचारावं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या कचेरीतल्या कर्णाला चहा पाजा, त्याचं ऐकून घ्या. जामीन मात्र राहू नका.