तुलना कशी करावी: परदेशी गेलेल्या कळंबकरांसाठी प्राथमिक धडे

परदेशी जाऊन सहा महिने झाले की कळंबच्या माणसाला तुलनेचा चळ लागतो. तो बरा होत नाही, तेव्हा निदान रीतीने करावा, म्हणून हे धडे. लिहिणारा आठ वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. दर दीड-दोन वर्षांनी कळंबला येऊन तो घरच्या ओट्यावर तोंडी परीक्षा देतो. अजून पास झालेला नाही.

साहित्य: एक घर इकडचं, एक तिकडचं, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि ऐकून घेणारा एक माणूस. माझ्याकडे तात्या आहेत. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. ते ऐकतात कमी, पण ओट्यावरून उठून जात नाहीत.

पहिला धडा गुणाकाराचा. युरो शंभर रुपयांच्या आसपास आल्यापासून नवशिक्याची मोठी सोय झाली आहे. दोन शून्यं चढवली की काम झालं. स्टुटगार्टला साधी कटिंग तीस युरो, म्हणजे तीन हजार. पण नुसत्या आकड्याने ओट्यावर कुणी हलत नाही. रक्कम सोयाबीनमध्ये सांगावी. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे एका कटिंगला एकसष्ट किलो सोयाबीन. तेही हमीभावाने गेलं तर. आडतीवर मिळेल त्या भावाने घातलं तर वर आणखी दहा किलो धरा. मी हा हिशेब मांडला तेव्हा तात्या बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्याशा केसाला?"

गुणाकार इथेच थांबवावा. कारण पुढचा प्रश्न पगाराचा येतो, आणि तिथेही लोक बिनदिक्कत दोन शून्यं चढवतात. एकट्या माणसाच्या पगारातले चाळीस टक्क्यांच्या आसपास कर आणि विम्यात जातात, हे सांगून पाहावं. कुणी मनावर घेत नाही. घरात टीव्ही नसला तरी महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावीच लागते, हे मात्र लगेच समजतं. वर्गणी सगळ्यांच्या ओळखीची आहे. फरक इतकाच की गणपतीच्या पोरांना "संध्याकाळी या" म्हणून वाटेला लावता येतं.

दुसरा धडा असा की आपण या धंद्यातले पहिले नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत कळंब निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि शेजारची बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. माझे आजोबा बैलगाडी जुंपून बार्शीच्या बाजाराला जात. त्यात वाटेवर हद्द लागे, करोडगिरीचा नाका लागे, आणि खिशातला रुपया बदलावा लागे. इकडे चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का, तिकडे कलदार. भाव साधारण असा, की हालीचे सात तेव्हा कलदार सहा. आजोबांची शाळा उर्दूतली होती, पण हा सातास सहाचा हिशेब ते मराठीत करायचे. १५ ऑगस्ट १९४७ नंतरचे तेरा महिने तर बार्शी शब्दशः परदेश होती: ती स्वतंत्र भारतात, आम्ही निजामाकडे. रझाकारांच्या धामधुमीत इकडची कितीतरी कुटुंबं रातोरात बार्शी-सोलापूरला गेली. व्हिसा नव्हता, बाकी सगळं होतं.

आजोबांची तुलना अशी: बार्शीत कापड चांगलं, रस्ता चांगला, चहा पातळ, आणि माणूस नाव विचारायच्या आधी भाव विचारतो. मला ही अजून चोख वाटते. स्टुटगार्टबद्दल मी इतकं नेमकं काही सांगू शकलेलो नाही. त्या काळच्या सगळ्या तुलनेचा गाळ भाषेत उतरला आहे. कळंबमध्ये कुणी दांडगाई करायला लागला की अजूनही म्हणतात, "ही काय मोगलाई लागून गेली का?" म्हणणाऱ्याच्या आजोबाचं अर्धं आयुष्य निजामाच्या मोगलाईतच गेलेलं असतं, किंवा त्याच्या बापाचं.

आता पाणी. हा धडा मोठा आहे. एका बैठकीत होत नाही.

नवशिका इथे हमखास एकच चूक करतो. तो सांगतो, "तिकडं नळाचं पाणी डायरेक्ट पितात." मीही सांगितलं. आदल्या रात्रीच आलो होतो. पहाटे तीनला आईने दार वाजवलं, "ऊठ, पाणी आलं." आमच्या गल्लीत त्या वेळी सहाव्या दिवशी पाणी येत होतं. मोटर लावली, पाइप हौदात सोडला, हौद भरला, मग दोन पिंपं, मग घागरी, मग कळश्या, मग तांबे, आणि शेवटी आईने एक वाटीसुद्धा नळाखाली धरली. शेजारच्या काकूंची मोटर आमच्या आधी सुरू झाली होती म्हणून आमची धार बारीक, यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. साडेचारला पाणी गेलं. अंगणात सगळे भिजलेले, आणि कुणी झोपायला जाईना. आईने चहा टाकला, भिंतीवरून एक कप काकूंना गेला.

सकाळी ओट्यावर मी ते डायरेक्ट पिण्याचं वाक्य टाकलं. तात्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "चोवीस तास असतंय?"

"चोवीस तास."

"मग पाणी आलं हे कळतं कसं?"

मी उत्तर शोधत होतो तोवर त्यांनी तंबाखू तोंडात टाकलीसुद्धा.

या धड्याची तयारी नीट करायची असेल तर आकडे पाठ करावेत. जर्मन माणूस दिवसाला साधारण एकशेवीस लिटर पाणी घरात वापरतो. आपली मांजरा नदी कळंबच्या कडेने जाते, धरण धनेगावला आहे, आणि २०१६ ला ते कोरडं पडलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. म्हणजे चार हजार जर्मनांचं एका दिवसाचं पाणी. हा हिशेब मी तिकडे ऑफिसात सांगितला, तर एक सहकारी फार वाईट वाटून घेऊन म्हणाला की स्टुटगार्टलाही स्वतःचं पाणी कुठे पुरतं? खरं निघालं. तिथलं बरंचसं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या बोडेन सरोवरातून येतं. गावोगावच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन १९५४ मध्ये संस्था काढली आणि १९५८ पासून जलवाहिनीने पाणी सुरू झालं. आठ वर्षं मी ज्या नळाची फुशारकी मारत होतो त्याचं पाणीही बाहेरगावचंच. आमचं वाघिणीतून आलं, त्यांचं नळातून येतं, आणि मधली सगळी गोष्ट त्या १९५४ च्या कागदात आहे. हे ओट्यावर सांगायला गेलो तर लोक विषय बदलून निवडणुकीवर जातात.

दवाखान्याचा धडा थोडक्यात. कळंबला डॉक्टरकडे गेलं की अर्ध्या तासात सुई टोचून घरी. तिकडे तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला कधी दोन महिने लागतात, आणि तापाला साधा डॉक्टर चहा प्या म्हणून सांगतो. तिकडे बिल येत नाही, इकडे सलाईन चढवल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही. दोन्हीकडे ताप तिसऱ्या दिवशी उतरतो.

प्रगत विद्यार्थ्यांनी पुढची पायरी म्हणून आईला तिकडे न्यावं. मी नेलं. पहिल्याच रविवारी तिने खिडकीतून रस्ता पाहिला. दुकानं बंद, माणूस नाही, आवाज नाही. तिने हळूच विचारलं, "कोण गेलं का रे इथं?" रविवारी सगळं बंदच असतं, हे पटायला तिला तीन रविवार लागले.

त्या भागात 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. इमारतीचा जिना आणि दारासमोरची फरशी झाडायची पाळी दर आठवड्याला एका घराची असते, आणि पाळी ज्याची त्याच्या दाराला एक पाटी लटकवतात. आईला शब्दातला केर लगेच कळला, पाटी कळली नाही. ती रोज सहाला उठणारी, दारात सडा घालणारी बाई. चौथ्या दिवशी पहाटे तिने तिन्ही मजल्यांचा जिना झाडून, पुसून लख्ख केला. पाटी मात्र खालच्या आजींच्या दाराला होती. आठ वाजता आजी वर आल्या. चेहरा पडलेला. मी झाडलं नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे का, हा त्यांचा प्रश्न. मी दोन्ही बाजूंचं भाषांतर करत उभा होतो. आईचं म्हणणं, दार झाडायला पाळी कशाला लागते? आजींचं म्हणणं, माझी पाळी कुणी घेतली तर मी काय करायचं? शेवटी आईने त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. पुढच्या आठवड्यात आजींनी मनाचा हिय्या करून आईला विचारलं, ही कशावर लावायची?

नवशिक्याने अशा प्रसंगी कुठला देश बरा हे ठरवायला जाऊ नये. भाषांतर करून बाजूला व्हावं.

मागच्या खेपेला कळंबला आलो तेव्हा पँटच्या खिशातून एक चिठ्ठी निघाली. तिकडे पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेताना पंचवीस सेंट अनामत घेतात; रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते आणि ती त्याच दुकानात वटते. तीन बाटल्यांची चिठ्ठी होती, पंच्याहत्तर सेंट.

"किती झाले?" तात्यांनी विचारलं.

"पंच्याहत्तर रुपये."

"इथं चालत न्हाय."

"बार्शीलाही चालत नाही."

तात्या आत गेले आणि आजोबांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात चारमिनारचे चार रुपये आहेत, १९५९ पासून कुठेच न चालणारे. चिठ्ठी त्यांनी उलटसुलट करून पाहिली, दोनदा दुमडली आणि डब्यात टाकून झाकण लावलं.