मॅनेजमेंट

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक कंपनी आहे. मुख्य कार्यालय बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, हॉलमधल्या शोकेसला लागून. उत्पादन विभाग स्वयंपाकघरात, गोदाम पलंगाच्या पोटात आणि ग्राहक सेवा केंद्र बाथरूममध्ये, कारण तिथं मिक्सरचा आवाज पोचत नाही. कंपनीत माणूस एकच. मालक तोच, हिशेबनीस तोच आणि पार्सल घेऊन स्टेशनवर पळणारा पोऱ्याही तोच. सोसायटीत त्याला त्याच्या नावानं आता कोणी ओळखत नाही. सगळे त्याला ‘मॅनेजमेंट’ म्हणतात.

हे बारसं वॉचमननं केलं. एकदा कुरिअरवाला पाऊचचा गठ्ठा घेऊन आला, पैसे द्यायचे होते. वॉचमननं इंटरकॉमवर विचारलं, “साहेब, घेऊ का?” हा म्हणाला, “थांब, मॅनेजमेंटशी बोलून सांगतो.” दोन मिनिटांनी यानंच खाली फोन केला. “मॅनेजमेंटनं होकार दिलाय. घे.”

मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आपण’मध्ये समोरचा माणूस येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. मॅनेजमेंटच्या ‘आम्ही’ची गंमत अशी, की त्यात समोरचा तर नसतोच, पण मागंही कोणी नसतं. “आम्ही सध्या पॅकिंगवर काम करतोय”, “आमचं धोरण उधारीचं नाही”, “आमच्या टीमला हा रंग पटला नाही” ही वाक्यं तो अशा काही भारदस्तपणानं टाकतो, की ऐकणारा नकळत त्याच्या खांद्यामागं डोकावतो. मागं वाळत घातलेले टॉवेल असतात.

तसा तो मूर्ख नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बावीस वर्षं ‘प्लॅनिंग’ला होता. म्हणजे प्लॅन यानं करायचा, माल दुसऱ्यांनी काढायचा आणि माल निघाला नाही की प्लॅन सुधारून द्यायचा. मग कंपनीनं त्याला स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा कंपनीची होती. घरी आल्यावर महिनाभर त्यानं फ्रिजमधल्या भाज्यांचा तक्ता केला, वहिनींनी तो फाडला, आणि त्याच संध्याकाळी त्याला आपल्या आईच्या हातच्या भाजणीत व्यवसाय दिसला.

आक्कांची भाजणी हे प्रकरण खरोखर निराळं आहे, हे इथंच सांगून टाकतो. थालीपिठाची असो की चकलीची, प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, आणि गिरणीत त्यांचा एकच हुकूम: “गव्हावर दळू नकोस.” आधी कोणाचे गहू दळले असतील तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ चकलीत उतरतं आणि चकली वातड होते. म्हणून डाळ किंवा तांदूळ दळून होईपर्यंत पोरानं गिरणीबाहेर उभं राहायचं. हा पोरगा चाळीस वर्षं उभा राहत आला होता. आता त्यानं त्याला ‘क्वालिटी कंट्रोल’ असं नाव दिलं, एवढाच फरक.

प्लॅन सात महिने चालला. यात अतिशयोक्ती नाही, मी त्या सातही महिन्यांचा चहा प्यायलेला माणूस आहे. पहिले दोन महिने नावात गेले. तिसऱ्यात लोगो. चौथ्यात त्याला कळलं, की कंपनी कायद्यात २०१३ पासून एकट्या माणसालाही कंपनी काढता येते, ‘वन पर्सन कंपनी’. हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पण सीएनं सांगितलं, की त्यात एक नॉमिनी लागतो, म्हणजे तुम्ही गेलात तर कंपनी पुढं कोणाच्या गळ्यात, ते आधीच लिहून द्यायचं. वहिनी म्हणाल्या, “माझ्या गळ्यात नको.” मुलगी म्हणाली, “मला बंगळुरूला जायचंय.” मग तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला पोहे खायला घातले आणि विषय बदलला.

शेवटी सीएनंच त्याला खाली उतरवलं. दुकान-आस्थापनेची सूचना ऑनलाइन द्या, अन्नपदार्थासाठी एफएसएसएआयची साधी नोंदणी करा, बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाचे शंभर रुपये पडत, चौदा आकडी नंबर पाकिटावर छापा आणि भाजणी विका. एवढ्या सोप्या रस्त्यानं मॅनेजमेंट हिरमुसलं. पण ‘उद्यम’ नोंदणीनं त्याला पुन्हा उभारी आली. सरकारदरबारी ही नोंदणी फुकट आहे. यानं ती एका एजंटाकडून दीड हजारात करून घेतली, कारण “आमच्याकडे सध्या लीगल डिपार्टमेंट नाही.” प्रमाणपत्रावर ‘सूक्ष्म उद्योग’ असं आलं. ते त्याला जरा लागलं. मग त्यानं नियम वाचला, की एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत उलाढाल असली तरी उद्योग सूक्ष्मच धरतात. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, “दहा कोटींच्या आत असू तोवर काही अडचण नाही.” त्या दिवसापर्यंतची एकूण विक्री अकराशे चाळीस रुपये होती. त्यातले दोनशे ऐंशी माझे.

किंमत ठरवण्याचा दिवस मला विशेष आठवतो. लॅपटॉपवर तक्ता उघडा होता: धान्य, दळण, गॅस, पाऊच, स्टिकर, रिक्षा. सगळी वजाबाकी करून किलोमागं एकशे चाळीस रुपये उरत होते आणि मॅनेजमेंट खुशीत होतं. आक्का चष्मा लावून मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण शून्य कोणत्याही भाषेत वाचता येतं.

“हे शून्य कशाचं रे?”

“ते... लेबर. मजुरी.”

“कोणाची?”

मॅनेजमेंटनं खालच्या रकान्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. आक्कांनी मान डोलावली, आत गेल्या आणि गॅस बंद केला. कढईत उडीद डाळ अर्धी भाजून झाली होती. कंपनीच्या इतिहासातला तो पहिला संप. तीन दिवस टिकला. तोड निघाली ती अशी, की आक्कांना दर किलोमागं काय ते ‘ठरवून’ देण्यात येईल. ते अजून ठरत होतं.

मधल्या काळात त्याला लिज्जतची गोष्ट सापडली. ज्याला त्याला सांगायचा: १९५९ साली गिरगावात, गच्चीवर, ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू झालं, आणि आज बघा! एकदा आक्कांसमोर सांगितली. आक्का तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “त्या सात जणी होत्या रे. इथं मी एकटी आहे.”

आता मार्केटिंग. मॅनेजमेंटला नकाराची विलक्षण भीती आहे, आणि नकार ऐकायचा नसेल तर प्लॅनिंगसारखा आडोसा नाही, हे त्यानं बावीस वर्षांच्या नोकरीत पक्कं ओळखलं होतं. पण माल पलंगाखाली गेला की टोके होतात. तेव्हा एक दिवस त्याला बाहेर पडावंच लागलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरातीला बंदी होती, कारण सी विंगच्या विमा एजंटनं एका आजोबांच्या तेराव्याच्या मेसेजखाली पॉलिसी टाकली होती. म्हणून यानं ब्रॉडकास्ट यादी केली. एका यादीत दोनशे छप्पन्न माणसं बसतात. यानं शाळेपासूनची माणसं गोळा करून बरोबर दोनशे छप्पन्न भरली, मेसेज सोडला आणि फोनकडे बघत बसला. उत्तरं आली चार. चौकशीअंती कळलं, की ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच असा मेसेज पोचतो. म्हणजे शाळेतल्या मित्रांना त्याचा नंबर नव्हता, मावसभावांना नव्हता, आणि बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसालाही नव्हता. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात ‘मी’ आला. पण लगेच सावरून म्हणाला, “आम्ही आता सेव्ह-माय-नंबर मोहीम काढतोय.”

मोहीम म्हणजे हा लिफ्टमध्ये उभा राहायचा. तळमजला ते सातवा मजला एवढ्या वेळात समोरच्याच्या हातून फोन घेऊन स्वतःचा नंबर सेव्ह करायचा. लोक जिन्यानं जायला लागले. दोन जणांची शुगर खाली आली असं ऐकलं.

मग सॅम्पलं निघाली. शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या, सोबत छापील फॉर्म: रंग, वास, चव, प्रत्येकाला पाचपैकी गुण. तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांनी पाच सॅम्पलं नेली. दर वेळी अभिप्राय वेगळा: धणे कमी, धणे जास्त, धणे ठीक पण ओवा? पाचव्या खेपेला मॅनेजमेंटनं धीर करून विचारलं, “अप्पा, मग ऑर्डर लिहू का?” अप्पा म्हणाले, “अरे, आमच्याकडे भाजणी घरीच होते. ही मी नाश्त्याला खातो.”

तरीही फोन यायला लागले. भाजणी चांगली होती, त्याला मॅनेजमेंटचाही इलाज नव्हता. कोणी विचारलं, “काका, शनिवारपर्यंत दोन किलो मिळेल?” तर हा थेट हो म्हणत नसे. “एक मिनिट, लाइनवर राहा, प्रॉडक्शनला विचारतो.” मग फोनवर तळहात ठेवून बाथरूमच्या दारातून हाक, “आक्का, दोन किलो?” आतून “बघू!” आणि फोनवर, “प्रॉडक्शन सकारात्मक आहे.” व्हिजिटिंग कार्डंही तीन प्रकारची होती. ‘संस्थापक’ मोठ्या लोकांसाठी, ‘मार्केटिंग प्रमुख’ दुकानदारांसाठी, आणि तिसऱ्यावर नुसतंच ‘अधिकृत प्रतिनिधी’. हे शेवटचं पैसे मागायला जाताना, म्हणजे भाव कमी करायला सांगितलं तर “मला वर विचारावं लागेल” असं म्हणता येतं. ही युक्ती मला खरोखर आवडली. भल्या भल्या कंपन्यांत वर विचारायला माणूस असतो आणि उत्तर येत नाही. इथं निदान उत्तर यायचं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ठाण्याच्या एका ऑफिसातून फोन आला. कर्मचाऱ्यांना भेट द्यायची होती, चकलीची भाजणी, अर्ध्या किलोची ऐंशी पाकिटं. वसुबारसेच्या सकाळी टेम्पो येईल. मॅनेजमेंटनं प्रॉडक्शनला न विचारता “आम्ही करू” म्हणून टाकलं. सात महिन्यांच्या प्लॅनमध्ये चाळीस किलोचा रकानाच नव्हता. आक्कांनी आकडा ऐकला आणि खुर्चीत बसल्या.

आदल्या दिवशी रात्री साडेनऊला आमची बेल वाजली. दारात मॅनेजमेंट उभं, केसांत पीठ. माझ्याकडे न बघता, चपलांकडे बघत म्हणाला, “जरा येतोस का? आपण... आपण पाकिटं भरून टाकू.”

मी गेलो. हॉलमध्ये पलंगावरच्या जुन्या चादरी अंथरल्या होत्या आणि त्यावर भाजणीचे डोंगर. गिरणीवाल्यानं शटर ओढून घेऊन तांदळावर दळून दिलं होतं. माझी बायको पाऊच सील करत होती, वहिनी मोजत होत्या, मुलगी स्टिकर चिकटवत होती, विमा एजंट खोकी बांधत होता. वजनकाट्यावर अप्पा बसले होते आणि दर पाकिटामागं चिमूटभर चाखून बघत होते. आक्का खुर्चीतून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या.

पावणेबाराला ठाण्याच्या ऑफिसातल्या माणसाचा फोन आला. त्याला झोप लागत नसावी. मॅनेजमेंट सवयीनं बाथरूमकडे निघालं, तर आत कुरिअरची रिकामी खोकी रचलेली. मग तिथंच, पिठात उभं राहून बोललं, “हो हो, आमची टीम रात्रपाळीला आहे.” आणि बोलता बोलता थबकलं. आमच्याकडे बघितलं. कोणी चोरी पकडावी तसा त्याचा चेहरा झाला. पलीकडून माणसानं आणखी काहीतरी विचारलं, बहुतेक दहा पाकिटं वाढवता येतील का, असं. यानं फोनवर तळहात ठेवला आणि नेहमीच्या सुरात हाक मारली, “प्रॉडक्शन?”

“काय?” आम्ही सहा जण एकदम म्हणालो.

त्याच्या हातून फोन भाजणीत पडला. तो पुसून, फुंकून त्यानं कानाला लावायच्या आत आक्कांनी खुर्चीतून काठी उचलून लॅपटॉपकडे दाखवली.

“आधी तो शून्याचा रकाना उघड.”