बाळासाठी वर्गणी

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात सकाळी दार उघडावं, तर समोरच्या हिरवळीवर गुलाबी प्लॅस्टिकचे वीस-पंचवीस फ्लेमिंगो तारेच्या पायांवर उभे असतात. सोबत एक पाटी असते. तिचा मतलब असा, की अमुक एक जोडपं मूल दत्तक घेतंय, त्याच्या खर्चासाठी आम्ही आलोत. आम्हाला इथून हलवायचं असेल तर इतके डॉलर द्या, आणि थोडे जास्त दिलेत तर रात्रीतून तुम्ही सांगाल त्याच्या अंगणात जाऊन उभे राहू. ज्यांना हे सोंग आपल्या दारात नकोच असतं, त्यांच्यासाठी आगाऊ विमाही काढता येतो. पैसे भरले की पक्षी फिरकत नाहीत. चौथाई भरणाऱ्याचा मुलूख न लुटण्याची हमी देणाऱ्या मराठ्यांच्या वंशजांना ही योजना समजावून सांगावी लागू नये.

हे पक्षी डॉन फेदरस्टोन या शिल्पकाराने 1957 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्लॅस्टिक कारखान्यासाठी घडवले. आपण खरे फ्लेमिंगो बघायला पहाटे उठून भिगवणला जातो, होडीवाल्याला पैसे देतो आणि ते जवळ यावेत म्हणून देव पाण्यात घालतो. तिथे ते दूर जावेत म्हणून पैसे मोजतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर तिथे खासगी संस्थेमार्फत तान्हं बाळ दत्तक घ्यायचं म्हणजे साधारण तीस ते साठ हजार डॉलरचा मामला. यात बाळाची किंमत नसते, ती असणं कायद्याने गुन्हा आहे. असतात ते बाकीच्यांचे पैसे: संस्थेची फी, वकील, घराची पाहणी करून अहवाल लिहिणारी समाजसेविका, जन्मदात्रीचं इस्पितळ आणि काही राज्यांत तिचं घरभाडंसुद्धा. सरकार करात सवलत देतं, 2025 साली 17,280 डॉलरपर्यंत. पण ती आधी खर्च करून मग विवरणपत्र भरणाऱ्याला. म्हणजे लग्न उरकल्यावर हॉलचं भाडं परत मिळण्यासारखं. अनामत भरायची असते तेव्हा तिचा उपयोग शून्य.

मग बँक आहेच की! पण या जोडप्यांतल्या पुष्कळांना कर्ज नको असतं. नॅशव्हिलचे डेव्ह रॅम्झी रेडिओवरून वर्षानुवर्षं एकच कीर्तन करत आले आहेत, की क्रेडिट कार्ड कापून टाका आणि उसन्यावर काही घेऊ नका. चर्चमध्ये जाणाऱ्या मध्यमवर्गात त्यांचे टाळकरी पुष्कळ. ऋण काढून सण करू नये हे आपणही सांगतो, फक्त सांगून झालं की हप्ते किती पडतील ते विचारतो. हे लोक मात्र खरोखरच ऋण न काढता सगळा सण उभा करतात.

त्यातली शंभर पाकिटांची युक्ती मला फार आवडते. एक ते शंभर आकडे घातलेली पाकिटं भिंतीवर लावायची. ज्याने जो आकडा उचलावा, त्याने तेवढे डॉलर त्यात घालून परत द्यावं. सगळी भरली की 5,050 डॉलर. नववी-दहावीत अंकगणिती श्रेढी कशासाठी शिकलो याचं उत्तर इतक्या वर्षांनी ओहायोतून यावं, हे आमच्या गणिताच्या सरांना आवडलं असतं. पहिली दहा पाकिटं पहिल्याच संध्याकाळी संपतात, हे सांगायला नकोच. नव्वदीच्या पुढची बरेच दिवस लटकत राहतात आणि भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढत जाते.

ओहायो म्हटलं ते माझी भाची तिथे राहते म्हणून. तिच्या शेजारच्या जोडप्याने जिगसॉचं कोडं मांडलं होतं. पाचशे तुकडे, प्रत्येकाचे वीस डॉलर. पैसे देणाऱ्याचं नाव त्या तुकड्याच्या मागे लिहायचं. सगळे तुकडे विकले गेले की चित्र जुळवून दोन काचांमध्ये बसवायचं, म्हणजे पुढून चित्र दिसावं आणि मागून पाचशे नावं. ते बाळाच्या खोलीत लागतं. भाचीने दोन तुकडे घेतले. तेव्हा तिच्या सासूबाई तिथेच मुक्कामाला होत्या. त्यांनी विचारलं, "का गं, त्यांना बँक उभं करत नाही का?"

"करते की आई. त्यांनाच कर्ज नकोय."

"मग दागिने मोडावेत. लोकांच्या दारात कशाला जायचं?"

हा प्रश्न भाचीने मला फोनवर ऐकवला, "मामा, याला काय उत्तर देऊ सांग" म्हणून. मला काही सुचलं नाही. सासूबाईंचं म्हणणं आपल्या सगळ्यांचंच म्हणणं आहे. आपण गणपतीची वर्गणी दार ठोठावून मागतो, मंदिराच्या कळसाला मागतो, सोसायटीच्या सत्यनारायणाला मागतो. घरच्यासाठी मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. आणि गंमत अशी, की आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते, तीत नाव आणि रक्कम काटेकोर लिहिली जाते आणि वीस वर्षांनी ती उघडून देणाऱ्याच्या घरच्या कार्याला तेवढंच परत केलं जातं. हा व्याज नसलेला सार्वजनिक कर्जव्यवहार आपल्याला लाजिरवाणा वाटत नाही. वीस डॉलरच्या तुकड्याची परतफेड कुणी मागत नाही, तो मात्र भीक ठरतो.

त्या सासूबाई पुढे शनिवारी त्याच जोडप्याने वर्गणीसाठी ठेवलेल्या स्पॅगेटीच्या जेवणाला गेल्या, परत येताना तिथल्याच गराज सेलमधून एक इस्त्री घेऊन आल्या आणि ती चालत नाही अशी तक्रार भारतात परतेपर्यंत करत होत्या. बाळाच्या नावाने घेतलेली वस्तू बदलून कशी मागायची, हा त्यांचा खरा पेच होता.

या सगळ्यात खटकणाऱ्या गोष्टी नाहीत असं नाही. दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर बोलतात, तेव्हा त्यांतली काहीजणं म्हणतात, की वर्गणीसाठी आमची कहाणी टी-शर्टवर छापून विकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? बरोबरच आहे. पंधरा वर्षांच्या पोराला बाजारात भेटेल त्या काकूने गाल ओढून "तुझ्यासाठी मी चार केक भाजले होते हो" असं सांगितलं, तर ते पोर कुठवर हसेल? आणखी एक. तिथे सरकारी देखरेखीखाली वाढणारी, घराची वाट बघणारी हजारो मुलं आहेत. त्यांना दत्तक घ्यायला जवळपास खर्चच येत नाही. पण ती सात वर्षांची, दहा वर्षांची असतात, कधी तीन भावंडं एकत्र असतात. त्यांच्यासाठी कुणाला फ्लेमिंगो उभे करावे लागत नाहीत. गर्दी तान्ह्या बाळाच्या रांगेत आहे, आणि मला वाटतं तीस हजार डॉलरचं निम्मं कारण ती गर्दीच आहे.

आपल्याकडे पैशाचा प्रश्न नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याचं सतरावं कलमच दत्तकाच्या बदल्यात पैसे देण्या-घेण्याला मनाई करतं. अनाथ मुलांचं दत्तक आता केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, म्हणजे ‘कारा’मार्फत होतं. गृहभेटीचा अहवाल, संस्थेचा बालसंगोपन निधी, नंतरच्या भेटी, सगळं धरून पाऊण लाखाच्या आत काम होतं. पुण्यात बारशाचा हॉल आणि केटरर याहून महाग पडतो. आपला प्रश्न प्रतीक्षायादीचा. नोंदणी केलेली कुटुंबं तीस हजारांच्या वर, आणि 2024-25 मध्ये देशभरात झालेली दत्तकविधानं साडेचार हजार, तीही त्याआधीच्या दशकभरातली सर्वाधिक. तीन-साडेतीन वर्षं वाट बघावी लागते.

आणि या साडेतीन वर्षांत आपण काय करतो? गप्प बसतो. शेजाऱ्यांना कळू देत नाही. काही घरांत तर पूर्वी पोटाला उशी बांधून नऊ महिने काढले गेले, काहींनी बाळ आल्यावर गाव बदललं. खरं तर दत्तकाची लाज ही आपली जुनी रीत नव्हे. 1875 साली कवळाण्याच्या शेतकऱ्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, ते अख्ख्या मुलखाला माहीत होतं. पुण्याच्या ससूनमधल्या ‘श्रीवत्स’ संस्थेतून 1979 साली तीन आठवड्यांची एक मुलगी स्थळेकर दांपत्याने नेली. पुढे तीच लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि एकदिवसीय सामन्यांत हजार धावा करून शंभर बळी घेणारी पहिली महिला ठरली. ती हे सगळं स्वतः मोकळेपणी सांगते. झाकपाक मधल्या मध्ये आपण मध्यमवर्गीयांनी शिकून घेतली.

वर्गणीवाल्या अमेरिकन जोडप्याला हे झाकणं शक्यच नसतं. चर्चने पाकिटं भरलेली असतात, शाळेने केक खाल्लेले असतात, पोस्टमनने टी-शर्ट घातलेला असतो. "हे कुणाचं?" असं विचारणारा गावात उरत नाही, कारण पाचशे जणांची नावं तुकड्यांच्या मागे आहेत. माझ्या मते जमलेल्या डॉलरांपेक्षा हीच त्यांची मोठी कमाई. त्या स्पॅगेटी जेवलेल्या माणसांना उद्या त्या पोराला "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" असं दरडावून सांगण्याचा हक्क आहे, आणि तो त्यांनी रोख मोजून घेतलेला आहे.

तुमच्या इमारतीत असं बाळ येणार असेल, तर कुणी पाकीट घेऊन तुमच्या दारात येणार नाही. आपल्याकडे ती पद्धत नाही आणि गरजही नाही. बारशाचं बोलावणं आलं, तर मात्र जरूर जा. घुगऱ्या मागून घ्या, बाळ मांडीवर घ्या, आणि "कुठून आणलं?" एवढा एक प्रश्न सोडून बाकी काय हवं ते विचारा.