‘काहीतरी चुकले’ लिहिणाऱ्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

तुमच्या लॉगिंग लायब्ररीत मेसेज म्हणजे फक्त एक स्ट्रिंग. प्रोग्रामने शब्द आणि आकडे आधीच जोडून आणायचे, तुम्ही ते फाईलमध्ये ओतणार. एवढ्यावर तुमचं काम संपलं? त्याची किंमत कोण मोजतं, ते ऐका.

अकोला जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर तुमची लायब्ररी चालते. ऐन हंगामात काटापट्टी निघेना. कापसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत खोळंबले. मी अमरावतीहून लॉग उघडला, तर एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘एरर: काहीतरी चुकले, वजन जुळत नाही’. कोणत्या काट्यावर? कोणत्या गाडीचं? भरलेल्या गाडीचं की रिकाम्या? काहीतरी चुकलंय हे ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसालाही दिसत होतं. ते सांगायला लॉग कशाला हवा?

आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक टाकतात. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानेच ते बंधनकारक केलं होतं. गाठीत भेसळ निघाली तर ती कोणत्या प्रेसमधून आली, हे कळलंच पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी गाठीला जी ओळख मिळाली, ती तुमच्या मेसेजला का नाही?

जावाची लॉगिंग लायब्ररी लॉगफोरजे २ बघा. त्यात मेसेज हा स्वतंत्र इंटरफेस आहे. त्याच्याकडे तयार मजकूर मागता येतो, मूल्यं वेगळी मागता येतात, सोबतचा एक्सेप्शनही मागता येतो. ‘काटा {}, गाडी {}, वजन {}’ हा साचा कायम राहतो आणि मूल्यं त्याच्या शेजारी सुटी राहतात. म्हणून एका साच्याच्या सगळ्या नोंदी एकत्र काढता येतात, एका गाडीचा माग लागतो. डीबग पातळी बंद असेल तर मजकूर जोडण्याचे कष्टही वाचतात. तुमच्याकडे लॉग बंद असला तरी स्ट्रिंग जोडली जातेच.

आणखी एक. नोंद दुसऱ्या थ्रेडकडे लिहायला दिली की मधल्या काळात मूळ ऑब्जेक्ट बदलू शकतो. काट्यावर आधी भरलेलं वजन येतं, मग त्याच ऑब्जेक्टमध्ये रिकामं वजन. लिहिणारा थ्रेड मागे पडला, तर भरलेल्या गाडीच्या नोंदीत रिकामं वजन उमटेल. म्हणून सोपवण्याआधी मूल्यं गोठवणं ही मेसेजची जबाबदारी. हे इंटरफेसच्या करारात लिहा, वापरणाऱ्याच्या नशिबावर सोडू नका.

मेसेज म्हणजे माहिती. ती हुकूम नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये हे सगळ्या जगाला कळलं. त्याच लॉगफोरजेत, चांगला इंटरफेस असूनही, तयार झालेला मजकूर पुन्हा वाचून त्यातल्या डॉलर आणि महिरपी कंसातल्या सूचना पाळल्या जात होत्या. बाहेरच्याने लॉगिनच्या चौकटीत एक ओळ टाकली आणि ती लॉगमध्ये गेली, तरी सर्व्हर त्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. लॉगफोरशेल नावाच्या त्या त्रुटीला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. २.१६.० आवृत्तीत मेसेजमधली ही सोय काढूनच टाकली. तुमच्या स्ट्रिंगमध्ये तर कोणता भाग आपला आणि कोणता परक्याचा, हेच ओळखता येत नाही.

सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणा सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. म्हणजे मजकुरात चिकटलेला शेतकऱ्याचा मोबाईल आणि आधार क्रमांक सहा महिने फाईलमध्ये उघडा पडणार. मूल्य वेगळं असतं, तर त्यावर ‘गोपनीय’ अशी खूण करून ते झाकता आलं असतं. चिकटलेल्या वाक्यातून तो क्रमांक कसा वेचायचा? आपला नंबर असा पडून आहे, हे त्या शेतकऱ्याला ठाऊकही नाही.

तेव्हा भाऊ, नुसती स्ट्रिंग घेणारी ती मेथड बंद करा. साचा सक्तीचा करा, मूल्यांना नावं द्या, गोपनीय मूल्यांना वेगळा प्रकार द्या आणि बाहेरून आलेला मजकूर कधीही पुन्हा उलगडू नका. दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू होईल. नवी आवृत्ती त्याआधी काट्यावर बसवा.

तुमचे लॉग वाचणारा,
अमरावतीचा एक सपोर्ट इंजिनिअर