तांदळाच्या नगरीतील उपाहार-मीमांसा

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांना खेटून असलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, आणि तेव्हापासून पर्यटनविषयक पुस्तिकांत त्याचे वर्णन नागझिरा, नवेगावबांध, हाजरा फॉल व कचारगड या चार नावांत आटोपले जाते. मात्र या चारही ठिकाणी जाणाऱ्या माणसाला दिवसातून किमान दोनदा भूक लागते, ही बाब पुस्तिकाकारांच्या लक्षात आलेली दिसत नाही. प्रस्तुत विवेचनात ती उणीव भरून काढण्याचा यथामती प्रयत्न केला आहे.

गोंदिया हे पर्यटकांचे शहर म्हणण्यापेक्षा पर्यटकांना उतरवून घेणारे शहर म्हणणे अधिक बरोबर ठरेल. मुंबई–हावडा मुख्य लोहमार्गावरील या जंक्शनातून एक फाटा बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे आणि दुसरा नागभीडमार्गे बल्लारपूरकडे जात असल्याने चारही दिशांची भूक स्थानकाबाहेरच्या रस्त्यांवर एकवटते, व ती भागविण्यासाठी तेथे नाना प्रकारच्या पाट्या लागलेल्या आढळतात. ‘भोजनालय’ म्हणजे जेथे थाळी मिळते आणि ती संपण्याच्या आत दुसरा गिऱ्हाईक खुर्चीमागे येऊन उभा राहतो ते ठिकाण. ‘रेस्टॉरंट’ म्हणजे जेथे थाळीऐवजी मेन्यू कार्ड मिळते ते. ‘ढाबा’ गावाबाहेर असून तेथील खाटेवर बहुधा मालकच पहुडलेला असतो. आणि ‘फॅमिली रेस्टॉरंट’ या संज्ञेने असे स्थळ सूचित होते, की जेथे दिवे मंद असल्यामुळे कुटुंबीयांना एकमेकांचे चेहरे आणि भाजीतील पनीर ही दोन्ही अंदाजानेच ओळखावी लागतात. या सर्व ठिकाणी व्यवहाराची भाषा हिंदी असते, परंतु गिऱ्हाईक मराठी आहे असे कळताच वेटर ‘काय आणू जी?’ असे विचारतो, आणि त्या ‘जी’मध्ये एवढे अगत्य असते, की पुण्यामुंबईकडील माणसाला हा मनुष्य आपल्याला कुठेतरी भेटलेला असावा, असा संशय येऊ लागतो.

कोल्हापूर ते गोंदिया धावणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचा येथे स्वतंत्र विचार करणे क्रमप्राप्त आहे. राज्याची दोन टोके जोडणारी ही गाडी एका दिवसाहून अधिक काळ महाराष्ट्रातच फिरत राहते, आणि तिच्यातून अखेरच्या स्थानकावर उतरणारा कोल्हापूरकर हा मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर असे करीत प्रत्येक फलाटावर काही ना काही खात आला असला, तरी खऱ्या जेवणाला पारखा झालेला असतो. असा प्रवासी स्थानकाजवळच्या रेस्टॉरंटात शिरून प्लास्टिकने मढविलेले मेन्यू कार्ड उघडतो, तेव्हा त्याला पहिल्याच पानावर ‘व्हेज कोल्हापुरी’ हा पदार्थ भेटतो. जन्म कोल्हापुरात काढूनही हा पदार्थ ज्याच्या घरी कधी शिजला नाही, त्या माणसाला वेटर मोठ्या विश्वासाने सांगतो, की ‘घ्या जी, आमच्याकडचा स्पेशल आहे, एकदम कोल्हापूरसारखा.’ येणारी भाजी लाल असते, तिच्यात फ्लॉवर, गाजर व वाटाणे असतात, आणि वर एक सुकी लाल मिरची उभी केलेली असते. तिचा कोल्हापूरशी असलेला संबंध त्या मिरचीपुरताच राहतो. पाहुण्याने मात्र ती निमूटपणे खावी हे उत्तम, कारण ‘सावजी’ ही पाटी दिसली म्हणून जो शेजारच्या दुकानात जाईल, त्याला तिखटाचा खरा अर्थ कळेल. सावजी ही मूळची नागपूरच्या कोष्टी म्हणजे विणकर समाजाची पाकपद्धती असून तिच्या काळपट रश्श्यात मिरे, लवंग, दगडफूल, खसखस वगैरेंचा भाजून वाटलेला मसाला असतो, आणि कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यावर पोसलेला मनुष्यही तिच्या दुसऱ्या घासाला पाण्याच्या तांब्याकडे आदराने पाहू लागतो.

मेन्यू कार्डाविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यात सूप, स्टार्टर, तंदूर, चायनीज, साऊथ इंडियन, पनीर, काजू करी, रायता असे प्रकार ओळीने दिलेले असले, तरी ते ‘काय मिळेल’ याचे नसून ‘जगात काय काय असते’ याचे कोष्टक आहे, असे मानून चालावे. प्रत्यक्ष निवड वाटाघाटींतून होते. गिऱ्हाईकाने बेबी कॉर्न मागावे, वेटरने ‘आता नाही जी’ म्हणावे. गिऱ्हाईकाने मशरूमवर यावे, वेटरने स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडून विचारावे आणि आतून काहीच उत्तर येऊ नये. अखेर गिऱ्हाईकाने ‘मग आहे काय?’ हा प्रश्न टाकावा, आणि वेटरने पाठ केल्याप्रमाणे ‘सेवटमाटर, दालतडका, बैंगनभर्ता, आलूमटर, पनीर में सब कुछ’ असे एका श्वासात सांगून टाकावे, असा हा विधी आहे. अनुभवी प्रवासी कार्ड न उघडताच या शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात.

परंतु या सर्वांहून विचार करायला लावणारा विषय भाताचा आहे. गोंदिया हे राईस मिलचे शहर आहे. जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक धान, म्हणजे सालासकट असलेला भात, आणि तो भरडणाऱ्या गिरण्या शहरात व भोवताली ठायी ठायी दिसतात. काही गिरण्यांत धान भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. त्या तांदळाला ‘उसना’ म्हणतात. जवळच नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातून निवडून काढलेले आणि त्या वेळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून ‘एचएमटी’ असे नाव पडलेले वाण या सबंध पट्ट्यात पोहोचले, आणि चिन्नोरसारखा सुगंधी तांदूळ येथील जाणत्या घरांत अजूनही पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. अशा नगरीत बाहेर जेवणाऱ्याला मेन्यू कार्ड काय देऊ करते, तर जिरा राईस, शेजवान राईस, आणि लांबच लांब दाण्यांचा बासमती पुलाव, ज्याचा दाणा पंजाब-हरियाणाकडून प्रवास करून आलेला असतो. स्थानिक तांदूळ कार्डाच्या अगदी शेवटच्या ओळीत ‘प्लेन राईस’ या अपमानास्पद नावाने उभा असतो, आणि तो मागविला, तर वेटर गिऱ्हाईकाची प्रकृती बरी नसावी अशा समजुतीने सोबत दही आणतो.

यास तेजस्वी अपवाद सकाळच्या न्याहारीचा. उजाडताच चौकाचौकांत पोह्यांच्या गाड्या उभ्या राहतात. परातीत पिवळ्या पोह्यांचा ढीग, शेजारी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, काळ्या हरभऱ्यांची तर्री उकळत असते. तर्री म्हणजे तेलाचा लाल तवंग वर आलेला झणझणीत पातळ रस्सा. पोहेवाला बशीत पोहे घालतो, पळीने आधी तवंग एका बाजूला सारून तळाचे हरभरे काढतो, मग गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे पाहून तवंग किती द्यायचा ते ठरवितो, आणि वर कांदा, शेव व चिमूटभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकून लिंबाची फोड ठेवतो. ‘तिखट आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही जी’ हे एकच उत्तर ठरलेले असून ते खोटे नसते. उत्तर देणाऱ्याला ती खरोखरच तिखट लागत नाही. शेजारी आलूबोंडा, म्हणजे इतरत्र ज्याला बटाटेवडा म्हणतात त्याचा जवळचा नातलग, तोही तर्रीत बुडवून मिळतो. काही रुपयांत होणारी ही न्याहारी मंद दिव्यांखालच्या कोणत्याही जेवणापेक्षा सरस आहे, असे प्रस्तुत अभ्यासाचे स्पष्ट मत आहे. दुर्दैव एवढेच, की ऊन चढेपर्यंत परात रिकामी झालेली असते.

आणि नेमके तेव्हाच जंगलातून पर्यटक परततात. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य आणि नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, आणि सफारीची वेळ वाघाच्या सोयीने ठरत असल्यामुळे चोरखमारा किंवा मंगेझरी या प्रवेशद्वारांवर पोहोचण्यासाठी शहरातून अंधारातच निघावे लागते. पोह्यांची गाडी तेव्हा लागलेली नसते. जंगलात गवे, चितळ, क्वचित बिबळ्याचे शेपूट पाहून पर्यटक परततात, तेव्हा न्याहारी संपलेली आणि जेवण चढायचे असते. त्या मधल्या पोकळीत ‘मॅगी होऊन जाईल जी’ एवढाच दिलासा मिळतो. वाघ साधारणपणे आठवड्याला एखादी मोठी शिकार करून निवांत राहतो, आणि त्याची ही दिनचर्या पर्यटकाला त्या क्षणी फार समंजस वाटू लागते. हाजरा फॉलकडे, म्हणजे सालेकसा तालुक्यातील दरेकसाच्या धबधब्याकडे, पावसाळ्यात जाणाऱ्यांची स्थितीही अशीच, फक्त मॅगीच्या जोडीला भाजलेले कणीस असते.

जिल्ह्याचे खरे अन्न या सर्व व्यवहारापासून अलिप्त राहिले आहे. धान कापणीला येण्यापूर्वीच त्याच्या उभ्या पिकात फेकून पेरली जाणारी लाखोळी ही डाळ घ्या: ती फार खाल्ल्यास पाय लुळे पडतात, या कारणाने तिच्या विक्रीवर अनेक वर्षे बंदी होती, आणि त्या सबंध काळात गावोगाव लाखोळीचे वडे यथास्थित तळले जात होते. पावसाळ्यात मिळणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, तळ्यांतील शिंगाडे, मोहफुले, मामा तलावांतील, म्हणजे माजी मालगुजारांनी बांधविलेल्या तलावांतील, मरळ आणि झिंगे यांपैकी एकाचेही नाव मेन्यू कार्डावर शोधून सापडणार नाही. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी याने घातला असे परंपरा सांगते; तळी बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजाने एवढे पाणी अडवूनही काठावरच्या ढाब्यात पनीरच शिजावे, याला काय म्हणावे? अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत आहे, म्हणजे मोमोचे खरे वारसदार जिल्ह्यातच धानाच्या बांध्यांशेजारी राहतात. पण शहरातील मोमोच्या गाडीवरचा कारागीर आपली कला दिल्लीहून आल्याचे अभिमानाने सांगतो.

तेव्हा वाचकांस सुचवावयाचे ते एवढेच, की गोंदियात असता सकाळी लवकर पोहे खावेत, दुपारी भोजनालयात राईस प्लेट मागावी, आणि नवेगाव किंवा इटियाडोहकडे जाणार असल्यास त्या बाजूच्या एखाद्या ओळखीच्या घरी मासळीचे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. सांगताना माणसे नीट मोजून सांगावीत. तिकडे चौघांचे म्हटले, की सहा जणांचा भात शिजतो, आणि तो पानात टाकलेला घरच्या बाईंना मुळीच खपत नाही.