ताडोबाकर

ताडोबाकरांचं खरं आडनाव टूर कंपनीच्या यादीत आहे. पण मुंबईहून नैरोबीला जाणाऱ्या विमानात जेवणाचे ट्रे यायच्या आतच ते पुसलं गेलं. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी वेळ जावा म्हणून "काय, पहिलीच सफारी का?" एवढंच विचारलं होतं. अरबी समुद्र संपेपर्यंत त्या बिचाऱ्यांना मोहर्ली गेट, कोलारा गेट, कोअर, बफर, जिप्सीचं बुकिंग कधी उघडतं, मे महिन्यात कोणत्या पाणवठ्यावर कोणती वाघीण पिल्लं घेऊन येते, सगळं पाठ झालं. नैरोबीला उतरताना सगळा गट त्यांना ताडोबाकर म्हणत होता, आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं.

ही जमात तुमच्याही पाहण्यात असेल. तिच्यात कान्हाकर असतात, काझीरंगाकर असतात, क्वचित एखादे गीरकरही. डोंबिवली, कोथरूड, नाशिकरोड हा तिचा मूळ अधिवास. चंद्रपूरचा माणूस मात्र यांच्यात सापडायचा नाही. त्याच्याकडे औष्णिक वीज केंद्राच्या आवारातच वाघ फिरतो, शेतावर जाताना मागंपुढं बघावं लागतं. वाघाचा विषय निघाला की तो गप्प होतो. वाघाचं कौतुक करायला डोंबिवलीच लागते.

सहलीआधीच्या मीटिंगमध्येच त्यांची चुणूक दिसली होती. टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला पोरगा. तो सांगत होता की यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवायचं, नाहीतर परत आल्यावर ६ दिवस वेगळं ठेवतील. ताडोबाकरांनी हात वर केला. "ताडोब्याला असलं काही लागत नाही." पोरगा म्हणाला, "नाही काका, तिथं नाही लागत." त्यांनी समाधानानं हात खाली घेतला. पुढं निघाला कपड्यांचा विषय. केनियात सामान्य माणसानं लष्करी छापाचे कपडे घालायला मनाई आहे, तेव्हा तसलं काही आणू नका, असं तो म्हणाला आणि ताडोबाकरांचा चेहरा पडला. त्यांच्याकडं टोपीपासून बुटापर्यंत तोच छाप. "अहो, तो सूट घातला की वाघालासुद्धा मी दिसत नाही!" त्यांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, शांतपणे म्हणाल्या, "काम निघालं की मलाही दिसत नाहीत."

शेवटी त्यांनी पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवात मिळालेलं गडद निळं जर्किन घेतलं. मसाईमारात त्सेत्से नावाची चावरी माशी आहे आणि तिला निळा-काळा रंग फार प्रिय. तिला पकडायचे सापळेही त्याच रंगाच्या कापडाचे करतात. नदीकाठच्या झुडपांतून गाडी जायला लागली की आम्हा बाकीच्यांना सोडून सगळ्या माश्या त्या जर्किनावर. तिथल्या प्राणिसृष्टीनं त्यांना दिलेलं हे एवढंच विशेष महत्त्व.

नैरोबीच्या विमानतळावर चकल्यांचं प्रकरण झालं. केनियानं २०१७च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली आहे आणि बनवणाऱ्या-विकणाऱ्याला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ताडोबाकरांच्या बॅगेत चकली, चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, प्रत्येक जिन्नस दोन-दोन पिशव्यांत. पिशव्या तिथंच काढून ठेवायला लावल्या. "बंदी आमच्याकडंही आहे, २०१८पासून," ते अधिकाऱ्याला समजावत होते, "पण आमची बंदी समजूतदार आहे." काकूंनी तोवर पर्समधून जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्या काढून चकल्या भरल्यासुद्धा होत्या.

नैरोबी ते मसाईमारा हा सबंध दिवस खाणारा रस्ता. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो. खाली जमीन एकदम ढासळलेली दिसते आणि क्षणभर बोलवत नाही. ताडोबाकरांना बोलवलं. पण त्यांचा खरा सूर लागला तो माराच्या गेटवर, फलक वाचताना. मसाईमारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र, सुमारे १५१० चौरस किलोमीटर. त्यांनी डोळे मिटून मनात वजाबाकी केली. "ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, बफर धरून १७२७!" अख्ख्या गाडीकडं त्यांनी विजयी मुद्रेनं पाहिलं. आकडा बरोबर आहे, मी नंतर पडताळला. आमच्या ड्रायव्हर-गाईडनं एवढंच सांगितलं की समोर ती टेकडी दिसते ना, तिच्यापलीकडं टांझानियाचं सेरेंगेटी सुरू होतं, ते १४ हजारांहून जास्त, आणि मध्ये कुंपण नाही.

हा ड्रायव्हर म्हणजे एक रत्न होतं. मराठी गट नेऊन नेऊन त्याला "चला चला", "बसून घ्या" आणि "चहा पाच मिनिटं" एवढं मराठी येत होतं. ताडोबा हे त्याला गृहस्थांचं नावच वाटलं. वडीलधाऱ्याला स्वाहिलीत म्झे म्हणतात, म्हणून तो त्यांना आदरानं "म्झे ताडोबा" म्हणे.

पहिल्या सकाळी म्झे ताडोबांनी गाडी थांबवायला लावली. इंजिन बंद. तोंडावर बोट. "कॉल ऐका." ताडोब्यात वाघ असा दिसत नाही, सांबर ओरडतं, वानर खाकरतं, चितळ शेपटी वर करतं, मग जिप्सीवाला आडाखा बांधतो आणि बांबूच्या बेटात पट्टे शोधायचे. ती विद्या खरीच आहे, आणि ताडोबाकरांना ती अवगतही आहे. पण इथं चहूकडं गुडघाभर गवत, दूरदूरवर एखादी बाभूळ. आम्ही श्वास रोखून बसलो. मागच्या सीटवरच्या कोल्हापूरच्या आजींनी ड्रायव्हरच्या खांद्यावर टिचकी मारली आणि डावीकडं बोट दाखवलं. रस्त्यापासून दहा पावलांवर नऊ सिंह पोटं वर करून झोपले होते.

"हे काय, असे उघड्यावर?" ताडोबाकर म्हणाले. त्यांच्या स्वरात सिंहांच्या संस्कारांबद्दल शंका होती. शोधायला न लागलेला प्राणी त्यांच्या लेखी दिसलेला धरतच नाहीत. सिंह दिवसातले वीसेक तास असाच पडून असतो हे ड्रायव्हरनं सांगितल्यावर तर त्यांनी कॅमेऱ्याला झाकणच लावलं.

बिग फाइव्हची यादी त्यांच्या खिशात होती: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सगळ्यात धोक्याचे, त्यांची ही जुन्या गोऱ्या शिकाऱ्यांनी केलेली निवड. आता त्यांचे फ्रीजला लावायचे लोहचुंबक मिळतात. रानम्हैस दिसल्यावर ताडोबाकर म्हणाले, "आपला गवा हिच्यापेक्षा मोठा." हेही खरंच आहे. त्यांचा मुद्दा पुष्कळदा खरा असतो, हीच तर त्यांच्याबरोबर प्रवास करण्यातली अडचण. बिबट्यासाठी मात्र दोन दिवस वणवण झाली. अखेर एका झाडाच्या आडव्या फांदीवर तो सापडला, चारी पाय लोंबते सोडून. ताडोबाकरांनी तोंड उघडायच्या आत बोरिवलीच्या जोडप्यातली ताई म्हणाली, "अय्या, हा तर आमच्या शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत येतो!" ताडोबाकरांना कोणी असं त्यांच्याच खेळात हरवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसरी हार चित्त्याची. चित्ता वारुळावर उभा राहून लांबवर बघत होता. भारतातला चित्ता १९५२मध्ये नामशेष जाहीर झाला, २०२२मध्ये नामिबियाहून कुनोत आणले, वगैरे ताडोबाकर सांगत असताना आजींनी मध्येच घातलं, "आमच्या कोल्हापुरात संस्थानच्या वेळी चित्ते असायचे हो. दोरी लावून रस्त्यानं फिरवायचे. चित्तेवानांची घरं होती. इकडचे मिळेनात तेव्हा आफ्रिकेतनं मागवले." हा इतिहास पुस्तकांतही आहे. ताडोबाकर आजींकडं बघत राहिले. त्यानंतर आजींना पुढची खिडकी मिळत गेली.

पण खरी मजा तिसऱ्या दिवशी दुपारी. एक सिंह आणि एक सिंहीण, बाकी कळपापासून दूर. गाडी थांबली, छत वर झालं, सहा दुर्बिणी रोखल्या गेल्या. सिंहीण उठली, सिंहासमोरून एक फेरी मारून बसली, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. गाडीत शांतता. सुनेबरोबर आलेले एक सासरे दुर्बिणीचा पट्टा तपासायला लागले. बोरिवलीच्या ताईंनी मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. तो बोटांच्या फटीतून व्हिडिओ काढत होता. ड्रायव्हर निर्विकारपणे सांगत होता की ही जोडी असे तीन-चार दिवस एकत्र राहते आणि दर वीसेक मिनिटांनी पुन्हा. ताडोबाकर कडाडले, "तिकडं बघा! जिराफ!" तिकडं जिराफ नव्हता. ताडोब्याचा दाखला मात्र या एका प्रसंगी निघाला नाही. आजी तेवढ्या म्हणाल्या, "वीस मिनिटंच ना? मग थांबू या की. एवढे पैसे भरलेत."

काकूंबद्दल सांगायचं राहिलंच. त्या यादीबिदी करत नव्हत्या. सगळे सिंह बघत असताना त्या गाडीच्या दुसऱ्या बाजूला असत. आपल्या नीलपंखाच्या जातीचा, पण छातीला जांभळी झाक असलेला एक पक्षी त्यांना काटक्यांवर दिसायचा. उंच तंगड्यांचा, कानामागं लेखण्या खोचलेल्या हेडक्लार्कसारखा सेक्रेटरी बर्ड गवतातून साप हुडकत चालला होता, तो त्यांनीच दाखवला. एका संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, "काकू, ताडोबा एवढा सुंदर आहे का हो?"

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "ताडोब्यात हे दिवसभर कान्हाबद्दल सांगत होते."

नदी ओलांडण्याचा दिवस सगळ्यांनी राखून ठेवला होता. पावसामागं चाऱ्याच्या शोधात दहा लाखांहून जास्त विल्डेबीस्ट सेरेंगेटीतून वर येतात आणि जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास मारा नदी ओलांडतात, कधी इकडून तिकडं, कधी तिकडून इकडं. पाण्यात मगरी असतात. म्हणून काठावर येऊन ती जनावरं उभी राहतात. पुढचं जनावर पाणी हुंगतं, दचकून मागं फिरतं, की सगळा कळप मागं. पुन्हा येतात. हे तासन्‌तास चालतं. आमच्यासारख्या गाड्या थोड्या अंतरावर रांगेत. डब्यातली चपाती (केनियात चपाती रोजच्या जेवणात असते आणि तिथले लोक तिला चपातीच म्हणतात) आणि काकूंच्या साडीच्या पिशवीतल्या चकल्या यांवर आम्ही तग धरून होतो.

"आज उतरत नाहीत," ताडोबाकरांनी जाहीर केलं आणि शेजारच्या गाडीतल्या जर्मन दांपत्याशी ओळख काढली. दोन गाड्यांमधून हात लांब करून ते त्यांना मोबाईलवर ताडोब्याची वाघीण दाखवत होते. वाघीण रस्ता ओलांडत होती, मागं दोन बछडे. व्हिडिओ खरोखर सुंदर होता. जर्मन बाई आधी मान डोलवत होती, मग तिची नजर मोबाईलवरून सुटली, तोंड उघडलं. ताडोबाकरांना वाटलं, वाघिणीचाच परिणाम. "वेट, वेट, आता तिसरा बछडा येतो," ते म्हणाले. त्यांच्या पाठीमागं धुळीचा लोट उठला होता आणि शेकडो जनावरं कड्यावरून पाण्यात कोसळत होती.

ते वळले. मोबाईल तसाच हातात. मगरीनं एकाला पाय धरून खाली नेलं, उरलेले त्याच्या अंगावरून पोहत गेले. पलीकडच्या निसरड्या काठावर एक पिल्लू तीनदा घसरलं आणि चौथ्यांदा चढलं. "बाप रे," ताडोबाकर म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, जरा सावरून, "पाणी कमीच आहे म्हणा यंदा."

शेवटच्या रात्री नैरोबीच्या हॉटेलात टूर मॅनेजरनं सगळ्यांना अभिप्रायाचे फॉर्म वाटले. ताडोबाकरांनी मागची बाजूही भरली. डाळीत हिंग कमी, लॉजला बादली नाही, सिंह सुस्त, बिबट्या एकच, आणि पुढच्या गटांना कॉल ऐकण्याचं प्राथमिक प्रशिक्षण द्यावं, त्यासाठी ते स्वतः विनामूल्य उपलब्ध आहेत. काकूंचा फॉर्म पोरानं आम्हाला नंतर दाखवला. सगळ्या रकान्यांत "उत्तम". सूचनांच्या रकान्यात बारीक अक्षरात एकच ओळ होती: एकटीसाठी वेगळी गाडी मिळेल का, दर कळवावा.